बेळगावात पोर्ट्रेट फोटोग्राफीचा दर कसा बसवायचा

नवा कॅमेरा घेतलेला मुलगा धंदा सुरू करताना पहिला फोन ओळखीच्या स्टुडिओवाल्याला करतो. "दादा, बाळाच्या शूटचं किती घेतासा?" तिकडून उत्तर येतं, साडेतीन हजार. दुसऱ्या दिवशी याच्या कार्डावर तीन हजार छापून तयार.

शहापूर, टिळकवाडी, वडगावपासून पार खानापूर-निपाणीपर्यंत पोर्ट्रेटचे बरेचसे दर असेच एकमेकांच्या खाली सरकत गेलेत. त्या साडेतीन हजारवाल्याचा गाळा स्वतःचा असेल. कॅमेऱ्याचे हप्ते कधीच फिटले असतील. त्याचं घर लग्नाच्या ऑर्डरींवर चालत असेल आणि बाळाचं शूट ही त्याची वरकमाई असेल. तुमचं तसं नाही. म्हणून इथे बाजारभाव सांगत नाही, तुमचा दर तुम्हीच कसा काढायचा तेवढं सांगतो. आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला. वही-पेन घेऊन बसा, मोबाइलवर होत नाही हे काम.

पायरी 1: वर्षाचा खर्च लिहून काढा

महिन्याचा नको, वर्षाचा. विमा, परवाना, दुरुस्ती असले खर्च वर्षातून एकदाच येतात आणि महिन्याच्या हिशोबात कुठेच दिसत नाहीत.

समजा शहापुरात एका खोलीचा भाड्याचा गाळा आहे:

- भाडं, महिना 7,000 प्रमाणे: 84,000
- वीज, इंटरनेट, फोन: 30,000
- कॅमेरा, लेन्स, दिवे, कॉम्प्युटर मिळून 3,20,000 ची सामग्री, चार वर्षांत वसूल करायची: 80,000
- दुरुस्ती, विमा, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअरची वर्गणी: 36,000
- पेट्रोल, जाहिरात, चहापाणी: 30,000
- परवाना आणि हिशोब बघणाऱ्याची फी: 10,000

एकूण 2,70,000.

यातला कॅमेऱ्याचा आकडा बहुतेक जण गाळतात. "कॅमेरा तर घेतलाय, आता त्याचा कसला खर्च?" असं म्हणतात. पण शटर झिजतं. बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर दीड-दोन लाख क्लिकपर्यंत टिकेल असा कंपनीचा अंदाज असतो आणि बाळाच्या एका शूटला पाच-सहाशे क्लिक सहज होतात. आजच्या शूटमधून पुढच्या कॅमेऱ्याचे पैसे बाजूला पडत नसतील, तर चार वर्षांनी परत कर्ज काढायची पाळी येणार.

दुरुस्तीच्या रकमेत कंजूषपणा नको. आपल्याकडचा पाऊस लेन्सचा वैरी आहे. खानापूर भागात तर जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. बॅगेत बंद पडलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखी एक बारीक पांढरी रेघ दिसते, ती फोटोत येतही नाही. पुढे मात्र उजेड समोरून आला की सगळा फोटो धुरकट होतो. साफ करायला लेन्स उघडावी लागते आणि ते काम घरी करायचं नसतं. हवाबंद डबा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढं पहिल्या पावसाआधी घ्या आणि वहीत लिहा.

पायरी 2: स्वतःचा पगार लावा

धंद्यात उरेल ते माझं, हा पगार नव्हे. महिन्याला किती घरी न्यायचंय ते आधीच ठरवा. नमुन्यासाठी 25,000 धरू, म्हणजे वर्षाला 3,00,000. शिवाय धंद्याची स्वतःची शिल्लक हवी, अडीअडचणीला आणि वाढीला. ती 60,000 धरू. आता बेरीज 6,30,000.

पायरी 3: वर्षात खरंच किती शूट होतील?

सगळा घोळ इथेच होतो. खर्च लोक बऱ्यापैकी बरोबर मांडतात, पण भागतात चुकीच्या आकड्यानं. "महिन्याला पंचवीस दिवस काम, वर्षाचे तीनशे दिवस" असं धरून 6,30,000 ला 300 नं भागलं की 2,100 येतात. मग तीन हजार दर छान वाटतो, वर नऊशे सुटतात असंही वाटतं. पण वर्षाला तीनशे पोर्ट्रेट शूट बेळगावात एकटा माणूस करत नाही. तेवढी गिऱ्हाइकं आली तरी एडिटिंग करायला वेळ कुठला?

आपल्याकडचं वर्ष महिन्यामहिन्यानं बघा. जून लागला की मैदानी शूट संपलं. राजहंसगड असो, गोकाकचा धबधबा असो की किल्ल्याचा खंदक, धबाधबा पाऊस असताना नऊ महिन्यांच्या वहिनींना तिथे उभं करता येत नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि लग्नं, साखरपुडे थांबतात. पितृपक्षात फोनच वाजत नाही. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा गाडी सुरू होते, मध्ये पौषात जरा मंदावते आणि मग मेअखेरपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते.

पावसाळ्यात दोन कामं चालू राहतात. एक, तान्ह्या बाळांची, कारण बाळ मुहूर्त बघून येत नाही. दुसरं काम नव्या पोरांच्या लक्षात येत नाही: गणपतीत पुण्या-मुंबईची, गोव्याची, बेंगळुरूची पोरं घरी आलेली असतात. आजोबा, आजी, तीन मुलगे, सुना, नातवंडं एका छपराखाली वर्षातून तेवढेच चार दिवस सापडतात. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा लावून, घरी जाऊन कुटुंबाचा एक फोटो आणि त्याची फ्रेम, एवढंच पॅकेज ठेवा. मागणी तयार असते, कुणीतरी विचारायला हवं.

मग हिशोब असा: नोव्हेंबर ते मे सुमारे 30 आठवडे, आठवड्याला तीन शूट, झाले 90. उरलेले 22 आठवडे, आठवड्याला एक, 22. एकूण 112. आजारपण, आयत्या वेळी रद्द झालेली कामं वजा जाता 105 धरा. नव्या माणसाला पहिल्या वर्षी एवढीही मिळणं कठीण, पण सुरुवातीला हा आकडा चालेल.

6,30,000 भागिले 105. बरोबर 6,000.

म्हणजे प्रत्येक शूटमधून प्रिंट, मदतनीस असा त्या कामाचा थेट खर्च जाऊन 6,000 हातात उरले पाहिजेत. इथे पुष्कळ जण वही मिटतात. "बेळगावात एवढं कोण देतंय?" देतात, पण सगळे देत नाहीत आणि सगळ्यांनी द्यावं अशी गरजही नाही. वर्षात 105 घरं हवीत.

पासपोर्ट फोटो, जुन्या फोटोंच्या कॉप्या, लॅमिनेशन असा काउंटरचा धंदा असेल तर त्याचा आधार मिळतो. काउंटरवर महिन्याला खर्च जाऊन 8,000 उरत असतील तर वर्षाचे 96,000 झाले. ते 6,30,000 मधून वजा करा. 5,34,000 उरतात आणि शूटमागे लागतात साधारण 5,100. ज्यांना सुरुवातीला 6,000 झेपत नाहीत त्यांनी काउंटरला नाक मुरडू नये.

पायरी 4: तास मोजा

तान्ह्या बाळाचं शूट तीन तासांचं म्हणतात. त्यात बाळ दूध पितं, झोपतं, उठतं, दुपट्यावर शी करतं, परत झोपतं. प्रत्यक्ष फोटो निघतात चाळीस मिनिटांत. त्याच्या आधी फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक तास जातो: कुठला रंग, कुठली टोपरी, आजीला चालेल का. मांडामांड एक तास. फोटो निवडणं एक तास. वीस फोटोंचं एडिटिंग, फोटोमागे बारा मिनिटं धरली तरी चार तास. प्रिंट काढणाऱ्या लॅबला पाठवणं, आलेलं तपासणं, पोचवणं एक तास. झाले अकरा.

6,000 पैकी तुमचा पगार म्हणून येतात सुमारे 2,860. अकरा तासांनी भागा: ताशी 260 रुपये. हा आकडा मोठ्यानं वाचा. गिऱ्हाईक "तीन तासांचं एवढं?" म्हणालं की तो आपोआप आठवतो आणि आवाज खाली जात नाही.

पायरी 5: तीन पॅकेज, जास्त नाही

एकच दर सांगितला तर समोरचा हो किंवा नाही म्हणतो. तीन सांगितले तर त्यातलं कुठलं घ्यायचं याचा विचार करतो. सहा-सात पॅकेज ठेवली की "घरी विचारून सांगतो" म्हणून जातो. नमुना बघा:

लहान: 5,500, एडिट केलेले 10 फोटो. थेट खर्च 700, उरतात 4,800.
मधलं: 7,800, 20 फोटो आणि एक फ्रेम. खर्च 1,600, उरतात 6,200.
मोठं: 12,500, 35 फोटो, छोटा अल्बम, मोठी फ्रेम. खर्च 3,500, उरतात 9,000.

दहा गिऱ्हाइकांपैकी चौघांनी लहान, पाचांनी मधलं, एकानं मोठं घेतलं तर एकूण उरले 59,200, सरासरी 5,920. म्हणजे 6,000 ला 80 कमी पडतात. चौघांपैकी एकजण लहानावरून मोठ्यावर गेला की सरासरी 6,340 होते. म्हणून मोठ्या पॅकेजचा अल्बम टेबलावर उघडा ठेवा, कपाटात नको. आजीच्या हातात द्या. या घरांमध्ये शेवटचा शब्द बहुतेक वेळा तिचाच असतो.

"सगळे फोटो पेनड्राइव्हवर द्या की" ही मागणी हमखास येते. सगळे कच्चे फोटो देऊ नयेत, हे माझं मत. त्यातले डोळे मिटलेले, हललेले फोटो तुमच्या नावानं फिरतात. जादा एडिट केलेले फोटो हवे असतील तर फोटोमागे दर ठेवा आणि तो पत्रकावर छापा.

फ्रेमचं गणित

12 बाय 18 ची फ्रेम लॅबकडून 650 ला पडली. नवखा माणूस शंभर रुपये लावून 750 ला देतो. पण लॅब कोल्हापूरची असो, हुबळीची असो की बेळगावातली, ऑर्डर टाकणं, आणणं, रंग बिघडला तर परत पाठवणं, काच फुटली तर नवी घालणं, हे सगळं शंभर रुपयांत बसत नाही. अशा चार फ्रेम विकल्या आणि पाचवी फुटली, की चारांची कमाई गेलीच, वर अडीचशे खिशातून.

दुसरी गल्लत टक्केवारीत होते. 650 वर 50 टक्के लावले की 975 होतात आणि माणूस समजतो की निम्मा नफा झाला. विकलेल्या रकमेत नफा 325, म्हणजे फक्त एक तृतीयांश. फ्रेम पडलेल्या किमतीच्या तिपटीला विकावी असं मी सांगतो: 1,950. पोर्ट्रेटच्या धंद्यात कमाई भिंतीवर लागणाऱ्या फोटोत आहे. मोबाइलमधले फोटो चार दिवसांत खाली जातात.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. शपथविधीच्या परेडला सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आई-बाप येतात. वर्दीतल्या पोराबरोबर त्यांना एक नीट फोटो हवा असतो, आणि गावी नेण्यासाठी तो संध्याकाळपर्यंत हवा असतो. केंद्राच्या आत परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही, पण स्टुडिओत पडदा लावून, त्याच दिवशी प्रिंट आणि फ्रेम अशी सोय ठेवली तर घाईचा वेगळा दर लावता येतो. लोक तो खुशीनं देतात, कारण रात्रीची एसटी असते.

एका कामाला मात्र गणित बाजूला ठेवा. कुणी गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून मागायला येतं. हातात रेशनकार्डावरचा नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला फोटो असतो आणि दिवसकार्य तोंडावर आलेलं. या कामाचा एकच ठरीव दर ठेवा, लॅबच्या खर्चावर माफक, आणि तो सगळ्यांना सारखा सांगा. तिथे घासाघीस करायला लागू नये, ना त्यांना ना तुम्हाला.

"आम्ही काय परके काय?"

सूट मागणारा माणूस वाईट नसतो, त्याला सवय असते. इकडून "थोडं कमी करा की", तिकडून कन्नडमध्ये "स्वल्प कडिमे माडरी". दोघांनाही उत्तर एकच हवं आणि ते तयार हवं.

आधी सूट म्हणजे काय ते बघा. 7,800 वर दहा टक्के म्हणजे 780. वर्षाची शिल्लक 60,000 ठरवली होती. 105 शूटमध्ये वाटली तर एका शूटला येते 571. म्हणजे दहा टक्के सूट दिली की धंद्याची शिल्लक पूर्ण गेली आणि वर 209 तुमच्या पगारातून गेले. अकरा तास कामाच्या बदल्यात.

म्हणून दर उतरवायचा नाही, वस्तू वाढवायची किंवा कमी करायची. "7,800 च राहू देत, दोन फोटो जादा देतो" म्हणा. त्यात तुमचे पंचवीस मिनिटं जातात. किंवा "बजेट पाच-साडेपाच असेल तर लहान पॅकेज घ्या, फ्रेम नंतर करू." पॅकेज तेच ठेवून दर नुसता खाली आणलात, तर आधी जास्त सांगत होता असाच अर्थ निघतो, आणि ती बातमी गल्लीत तुमच्या आधी पोचते.

नातेवाइकांचा प्रश्न वेगळा. मावसबहिणीच्या बाळाचं शूट अर्ध्या दरात केलं की ती नाराज, कारण पैसे घेतले. आणि तुम्ही नाराज, कारण अर्धेच मिळाले. एकतर पूर्ण दर घ्या आणि बारशाला आहेर म्हणून एक फ्रेम द्या, नाहीतर सगळं शूटच आहेर म्हणून करा. वर्षात असे किती आहेर परवडतात ते वहीत आधी लिहा. माझ्या मते तीन पुरेत.

गावाबाहेरचं काम

शहरातलं शूट आणि गोकाकला जाऊन केलेलं शूट एकाच दरात बसत नाही. पेट्रोल लोक लावतात, जाण्यायेण्याचा वेळ लावत नाहीत. निपाणी सुमारे 75 किलोमीटर, म्हणजे दोन्हीकडचे मिळून तीन-साडेतीन तास. त्या रस्त्याला हत्तरगीचा टोल, पुढे कोल्हापूरला जायचं तर कोगनोळीचा, खानापूरकडे गणेबैलचा. पत्रकावर साधा नियम लिहा: शहरापासून पंधरा किलोमीटरपर्यंत काही नाही, त्यापुढे किलोमीटरचा दर, टोल वेगळा, आणि तीन तासांवर प्रवास असेल तर अर्ध्या दिवसाचे पैसे. जागेची फी किंवा परवानगी लागणार असेल तर तो खर्च गिऱ्हाइकाचा, आणि तसं आधी सांगायचं.

पैसे कधी घ्यायचे

तारीख धरायची तर विसार घ्यायचा, निदान 40 टक्के. विसार आल्याशिवाय तारीख पक्की नाही. बाळ आजारी पडलं किंवा पाऊस आला तर तारीख एकदा बदलून द्या, विसार तसाच पुढे धरा. उरलेले पैसे फोटो हाती देण्याआधी.

ऊसवाल्या भागात, चिकोडी-निपाणी-हुक्केरीकडे, एक गोष्ट ध्यानात घ्या. घरात पैसा नाही असं नसतं, तो कारखान्याकडे अडकलेला असतो. "बिल आलं की देतो" हे खरंच असतं, पण बिल कधी येईल ते त्यालाही माहीत नसतं. अशांना दर कमी करू नका, हप्ते करून द्या. शूट आता, दहा फोटो आता, अल्बम आणि फ्रेम शेवटचा हप्ता आल्यावर. लॅबला ऑर्डरही तेव्हाच टाका, म्हणजे तुमचे पैसे अडकत नाहीत.

ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: किती फोटो, किती दिवसांत, किती रुपये, विसार किती आला. दरपत्रक एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड छापा. कन्नड मजकूर कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याकडून वाचून घ्या, मोबाइलच्या भाषांतरावर सोडू नका. आकडे इंग्रजी ठेवा, ते सगळ्यांना वाचता येतात.

कागदपत्रं

गाळा टाकायचा तर महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना लागतो, खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीकडे विचारा. कर्नाटकाच्या 2024 च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं. यावर कट्ट्यावर काय वाद घालायचा तो घाला, पण पाटी रंगवणाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर तीच पाटी दोनदा रंगवायचा खर्च वहीत येईल.

जीएसटीची धास्ती नव्यांना फार असते. नुसती सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. हद्दीपलीकडे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला किंवा गोव्यात जाऊन शूट केलं म्हणून ही सवलत जात नाही. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावून पैसे घ्यायचे नसतात, हेही लक्षात ठेवा. नोंदणी झाली की फोटोग्राफीच्या सेवेला 18 टक्के लागतात, म्हणून उलाढाल 15-16 लाखांवर गेली की हिशोब बघणाऱ्याकडे एकदा बसा.

दर कधी बदलायचा

वर्षातून एकदा, दिवाळी झाल्यावर आणि तुळशीच्या लग्नाआधी. ज्यांचा विसार आलाय त्यांना जुनाच दर. बाकी सगळ्यांना नवा, सांगताना मान खाली न घालता.

त्याआधी मेअखेरीला वही उघडा. प्रत्येक शूटपुढे तीन आकडे असायला हवेत: घेतलेले पैसे, थेट खर्च, लागलेले तास. शूट किती झाली ते मोजा आणि पावसाळ्याची येतील तेवढी त्यात धरा. समजा 105 च्या जागी 80 च होतायत. 6,30,000 भागिले 80, म्हणजे शूटमागे 7,875 उरायला हवेत. सध्याच्या दरात तेवढे उरत नाहीत, आणि दर एकदम तेवढा चढवता येईलच असंही नाही. मग खर्चाच्या यादीत वरून पहिला आकडा बघा. महिना 7,000 चा गाळा सोडून घरातल्या पुढच्या खोलीत पडदा लावला तर 84,000 वाचतात आणि 80 शूटना 6,825 पुरतात. बाळांच्या आयांना गाळ्यापेक्षा घर बरं वाटतं, तेव्हा गिऱ्हाईक त्यानं तुटत नाही. काउंटर मात्र बंद होतो, त्यामुळे काउंटरवर महिन्याला सात हजारांच्या वर उरत असतील तर गाळा ठेवा.